हाडवैद्य

गेम बनवणाऱ्या प्रत्येक स्टुडिओत, मग तो बाणेरला असो की अंधेरीला, एक माणूस असा असतो की जो बोलताना तुमच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघतो. गैरसमज करून घेऊ नका. तो रिगर. संगणकातल्या पुतळ्याच्या आत हाडं बसवायची आणि वरच्या कातडीनं कोणत्या हाडाचं किती ऐकायचं ते ठरवायचं, हा त्याचा धंदा. ऑफिसात त्याला हाडवैद्य म्हणतात. त्याला ते आवडतं.

तो अपूर्णांकांत जगतो. कातडीवरचा एकेक बिंदू बहुधा चारच हाडांचं ऐकतो, आणि या चौघांचे वाटे मिळून बरोब्बर एक भरला पाहिजे. या वाट्यांना तो वेट्स म्हणतो, आणि ते कातडीवर रंगवून ठरवतो. लग्नानंतर एकदा त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘मी ०.६ आईचा, ०.४ तुझा.’’ बायकोनं तिथल्या तिथं वेट्स पुन्हा रंगवून घेतले.

त्याचा हाडवैरी म्हणजे मनगट. गेममध्ये सेकंदाला साठ चित्रं काढायची तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, तेव्हा प्रोग्रामर सोपा हिशेब करतो: प्रत्येक हाड बिंदूला कुठे नेऊ पाहतं ते बघायचं आणि वेट्सप्रमाणे सरासरी काढायची. आशीर्वादाला उचललेला ऋषींचा तळवा १८० अंश फिरला की निम्मा वाटा म्हणतो पुढे, निम्मा म्हणतो मागे. सरासरी पडते हाताच्या ऐन मधोमध, आणि हात लिमलेटच्या गोळीच्या कागदासारखा पिळवटतो. जगभरचे रिगर याला ‘कँडी रॅपर’ म्हणतात. आमचा हाडवैद्य ते बघून डोळे मिटतो.

यावरचा उतारा तो मुंजीच्या पंगतीतसुद्धा सांगतो. वरण-भात संपेपर्यंत गणिती हॅमिल्टन, ज्याला १८४३ साली डब्लिनच्या कालव्याकाठी चालताना क्वाटर्नियन, म्हणजे फिरण्याचा हिशेब मांडणाऱ्या संख्या, सुचले आणि ज्यानं तिथल्या पुलाच्या दगडावर सूत्र कोरलं. जिलबी येते तोवर क्लिफर्ड, ज्यानं त्यातून पुढची जोडसंख्या काढली. मठ्ठ्याला २००७ साल उजाडतं आणि लादिस्लाव कावान व त्याचे सहकारी तीच जोडसंख्या कातडीला लावून मनगटाची पिळवणूक थांबवतात. शेजारचे काका ‘‘वा!’’ म्हणतात. मग हा आवाज खाली आणून सांगतो, ‘‘पण कोपर वाकवलं की बाहेरून फुगतं.’’ काका पान वाढायला घेतलेल्या मुलाला हाक मारतात.

त्याचं कुणाशीच पटत नाही. मॉडेलर कोपराला पुरेशा रेषा देत नाही. प्रोग्रामर जादा हाडं मागितली की खिशातून पैसे जावेत तसं तोंड करतो. आणि अ‍ॅनिमेटर! तो नायकाचा पाय थेट मानेमागे नेतो. ‘‘माणूस असा वाकतो का?’’ ‘‘माझा वाकतो.’’ मग रात्री बसून हाडवैद्य त्या एका पोझसाठी मांडीचा वेगळा आकार घडवतो आणि तो फक्त त्याच वेळी लागू होईल अशी तजवीज करतो.

एकदा नऊवारीतल्या घोडेस्वार बाईचं काम आलं. हा सरळ मावशीकडे गेला आणि काष्ट्याला कोणतं हाड द्यावं म्हणून विचारू लागला. मावशीनं आधी त्याला जेवायला वाढलं.

योगवर्गाला तो नियमित जातो, आसनं मात्र करत नाही. सगळ्यांचे हात वर गेले की हा काखा निरखतो, आणि शेजाऱ्याला सांगतो की १८० अंशांपैकी ६० च्या आसपास तर खांद्याचं पातं फिरल्यामुळे मिळतात. वर्गातल्या दोघांनी वेळ बदलून घेतली आहे.

तरी खेळताना तुम्हाला नायकाचा खांदा दिसलाच नाही, तर समजावं की याचं काम चोख झालंय. लग्नकार्यात असा कुणी भेटलाच तर लांबूनच नमस्कार करा. हात हातात दिलात तर तळवा उलटसुलट फिरवून कातडी कोपरापर्यंत कुठे किती वळते ते बघितल्याशिवाय तो सोडणार नाही.