पुण्याची गाडी नीसला जाते

पुण्याची गाडी म्हटली की आपल्याला डेक्कन क्वीन आठवते. युरोपात हल्ली वेगळ्याच पुण्याची गाडी धावते, आणि तिच्यातून उतरणाऱ्याच्या चेहऱ्यावर वारी करून आल्याचं समाधान असतं. ही गाडी भूमध्य समुद्राकाठच्या नीसला जाते. तिथे वर्षाला सुमारे 2,700 तास ऊन पडतं आणि त्या उन्हासाठी लोक पैसे मोजतात, हे मे महिन्यात माथेरानकडे पळणाऱ्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. पण ज्याचं ऊन त्याला गोड. नीसला विमानाने गेलं तर पाप, रेल्वेने गेलं तर पुण्य, असा तिकडच्या सुशिक्षितांचा नवा धर्म. त्या धर्मात तथ्य आहे, हे आधीच कबूल करतो. विजेवरची गाडी विमानाच्या मानाने दरमाणशी फारच थोडा कार्बन सोडते, आणि फ्रान्सची वीज बव्हंशी अणुभट्ट्यांतून येत असल्यामुळे तिथे तर आणखीच थोडा. म्हणणं एवढंच, की हे पुण्य तिकिटाच्या खिडकीवर मिळत नाही. ते रजेच्या अर्जावर मिळतं, आणि त्यावर साहेबाची सही लागते.

इतिहास बघा. नीस 1860 साली फ्रान्सकडे आलं आणि 1864 मध्ये तिथे रेल्वे पोहोचली. त्याच वर्षी रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर गाडीने तिथे हजर झाला. पुढे राणी व्हिक्टोरिया येऊ लागली, तीही ‘काउंटेस ऑफ बाल्मोरल’ असं टोपणनाव घेऊन. सोबत एवढा लवाजमा, की नाव लपवून काय लपलं हे तिचं तिलाच ठाऊक. आग्र्याकडचा तिचा मुन्शी अब्दुल करीमही त्या लवाजम्यात असे, आणि त्याच्यावरून राणीच्या दरबाऱ्यांत रुसवेफुगवे होत. या मंडळींचा हंगाम थंडीचा. उन्हाळ्यात नीसची हॉटेलं चक्क बंद असत, कारण ऊन सोसवत नाही असं तेव्हा युरोपलाही वाटायचं. 1922 मध्ये सुरू झालेली, पुढे ‘निळी गाडी’ म्हणून गाजलेली आलिशान गाडी याच वर्गासाठी होती. इंग्लंडसमोरच्या कॅले बंदरात झोपायच्या डब्यात शिरावं आणि सकाळी खिडकीत समुद्र दिसावा. मधे पॅरिस लागायचं, पण डबेच शहराभोवतीच्या रेल्वेवरून एका स्थानकातून दुसऱ्यात नेले जात, प्रवाशाने अंथरूण सोडायची गरज नव्हती. या गाडीच्या नावाने 1924 मध्ये एक बॅलेही निघाला. संगीत मियोचं, पोशाख कोको शनेलचे, पडद्यावर पिकासोचं चित्र. गाडी मात्र रंगमंचावर शेवटपर्यंत आलीच नाही. श्रीमंतांच्या प्रवासाचं इतकं प्रामाणिक चित्रण क्वचितच झालं असेल. झार, राणी, सरदार यांच्यात पैसा समान नव्हता, दर्जा समान नव्हता. समान होती ती एकच गोष्ट, की त्यांना रजा मागावी लागत नव्हती. त्यांचं आयुष्यच रजेवर होतं.

ज्याला रजा मोजून मिळते, तो तेव्हाही वेगळा वागायचा, आणि याचा पुरावा थेट मुंबईचा आहे. मुंबईहून विलायतेला सुटीवर निघालेला गोरा अंमलदार बोटीने जिब्राल्टरला वळसा घालून जाण्याऐवजी मार्सेयलाच उतरायचा. (मार्सेय म्हटल्यावर मराठी माणसाला सावरकरांची 8 जुलै 1910ची उडीच आधी आठवते. साहेबाचं उतरणं शिडीवरून, सामानासकट.) तिथून खास गाडी त्याला कॅलेला पोहोचवायची, तिचं नावच ‘बॉम्बे एक्सप्रेस’. वळशात जाणारे दिवस त्याच्या रजेतून कापले जात, म्हणून तो बोट सोडून गाडी धरत होता. त्या काळात गाडी हे घाईचं वाहन होतं. आज घाईचं वाहन विमान आहे. माणूस तोच, हिशोबही तोच.

आता 1936 घ्या. फ्रान्सच्या लोकाघाडी सरकारने त्या उन्हाळ्यात कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वेभाड्यात 40 टक्के सवलत आणली. बहुतेक कामगार पहिल्या वर्षी गावाकडच्या नातेवाइकांकडेच गेले, हे खरं. पण काहींनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि आपल्या किनाऱ्यावर हे कोण आले म्हणून बड्या घरांनी नाकं मुरडली. यातला क्रम महत्त्वाचा आहे. रूळ 1864 पासून होतेच. समुद्र तर त्याच्याही आधीपासून होता. बहात्तर वर्षं कमी होती ती रजा. नुसती सवलत दिली असती तर ज्यांना सवलतीची गरज नव्हती तेच चाळीस टक्के वाचवून गेले असते. सरकारी सवलतींचा हा स्वभाव आपल्याला नवा नाही.

या इतिहासानंतर आजचं वेळापत्रक उघडलं की करमणूक होते. पॅरिसहून मार्सेय साडेसातशे किलोमीटर, वेगवान गाडीला तीन तास आणि वर थोडी मिनिटं. तिथून नीस सव्वादोनशे किलोमीटर, त्याला अडीच तासांहून जास्त. कारण पुढे एकोणिसाव्या शतकात डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यातून काढलेला जुनाच मार्ग आहे, आणि नव्या मार्गावर दशकानुदशकं नुसती चर्चा चालू आहे. पॅरिस ते नीस पावणेसहा-सहा तास धरा. लंडनहून निघालेल्याला तर पॅरिसमध्ये गार द्यु नोर स्थानकावर उतरून, बॅगा ओढत, मेट्रोचे जिने चढत गार द लिओंला जावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी झोपलेल्या प्रवाशाला जे आपोआप मिळत होतं, ते आज जागा असलेल्या प्रवाशाला घाम गाळूनही मिळत नाही.

आणि यावर कायद्याचा कळस. जिथे रेल्वे अडीच तासांच्या आत पोहोचवते तिथे देशांतर्गत विमान बंद, असा नियम फ्रान्सने 2023 मध्ये लागू केला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 150 नागरिकांच्या सभेने चार तासांची मर्यादा सुचवली होती; घासाघीस होऊन अडीच उरले. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लिओं हे तीनच मार्ग त्यात सापडले. नीस चार तासांतही बसलं नसतं. म्हणजे गाडी जितकी रखडेल तितकं विमान सुरक्षित! जिथे माणसाला विमानाचा मोह सर्वांत जास्त, तिथेच कायदा त्याला मोकळा सोडतो आणि मग पुण्यवान लोक त्याला संयम शिकवतात.

कुणी म्हणेल, फ्रेंच माणसाला आता वर्षाला पाच आठवडे रजा मिळते, त्याची कसली दया? बरोबर. पण ते पाच आठवडे चौघांच्या कुटुंबात, शाळांच्या तारखांत आणि आजारी आईबापांत वाटले जातात. समुद्राच्या वाट्याला बऱ्याचदा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढंच येतं, आणि त्यात जाऊनयेऊन बारा तास घालवणारा माणूस पुण्यवान नसतो, निवृत्त असतो. दुसरा म्हणेल, खरा प्रश्न भाड्याचा आहे. विमानाच्या इंधनावर कर नाही आणि रेल्वेला मात्र रुळांचं भाडं भरावं लागतं. हेही बरोबर, आणि हा अन्याय दूर व्हायलाच हवा. पण उद्या तिकीट फुकट केलं तरी सहा तासांचे तीन होत नाहीत. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: रात्रीची गाडी आहे की! आहे. पॅरिसला रात्री चढायचं, बाकावर पडायचं आणि बाराएक तासांनी नीसला उतरायचं. हीच एक गाडी प्रवाशाच्या रजेऐवजी त्याची झोप खर्च करते, म्हणून सगळ्यांत शहाणी. सरकारने अनुदान काढून घेतल्यावर ती 2017 च्या डिसेंबरमध्ये बंद पडली. 2021 च्या मे महिन्यात ती परत सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीला खुद्द पंतप्रधान चढले. जी गाडी सामान्य माणसाला खरोखर परवडते, ती आधी बंद करायची आणि मग समारंभाने चालू करायची, हे शास्त्र कुठल्याही देशात सारखंच.

तेव्हा रात्रीच्या गाड्या वाढवा, आणि रेल्वेने जाणाऱ्याला प्रवासाचे दोन दिवस वेगळी रजा द्या. ब्रिटनमध्ये काही मोजक्या कंपन्या तशी देतातही. तोवर पुण्याच्या गाडीतल्या मंडळींना एक विनंती. विमानवाल्याला त्याचं पाप किलोत मोजून दाखवण्याआधी एवढंच विचारा, की बाबा, तुझी रजा किती शिल्लक आहे?