भाकर आधी की बैठका आधी?

वजनं उचलण्याच्या व्यायामाला लागणारं इंधन मुख्यतः कर्बोदकांतून येतं, याबद्दल भांडण नाही. भांडण आहे ते घड्याळाशी. आदिलाबाद जिल्ह्यात तर कर्बोदकांची ददात मुळीच नाही. घरात जवारीची भाकर असते, चौकात टिफिन सेंटरची इडली-पुरी असते आणि 2025 च्या एप्रिलपासून रेशनवर माणशी 6 किलो बारीक तांदूळ मिळतो. तरीही पैनगंगेच्या दक्षिणेकडच्या या मुलखातला जिममध्ये जाणारा तरुण भाकर कशाशी खावी हे विचारत नाही, किती वाजता खावी ते विचारतो. बाजार समितीच्या आवारात कापूस आणि धान्य वाहणाऱ्या हमालांना हा प्रश्न पडल्याचं ऐकिवात नाही. ते जेवतात आणि उचलतात.

खाल्लेल्या कर्बोदकांचा काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. यकृतात तो 80 ते 100 ग्रॅम असतो आणि सगळ्या स्नायूंत मिळून साधारण 400 ग्रॅम. यकृताचा साठा सार्वजनिक असतो, तो साखर होऊन रक्तात उतरतो आणि मागेल त्याला मिळतो. स्नायूंचा कारभार मात्र वाटण्या झालेल्या भावांसारखा आहे. मांडीतलं ग्लायकोजेन दंडाला उसनं मिळत नाही, कारण त्याची साखर करून रक्तात सोडणारं विकर स्नायूंत नसतंच. रात्रभराच्या उपासानं उतरतो तो यकृताचा साठा. स्नायूंचा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. म्हणजे पहाटे पाचला ‘अंगात काही नाही’ अशी तक्रार करणाऱ्याच्या मांड्यांत आदल्या रात्रीची भाकर मुकाट्यानं पडून असते. तक्रार झोपेची असते, नाव भाकरीचं घेतलं जातं.

स्नायूत किती साठा आहे हे पाहायचं तर स्नायूचाच तुकडा काढावा लागतो. स्वीडनमध्ये 1966 साली बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघा संशोधकांनी त्यासाठी गिऱ्हाईक शोधलं नाही. एकाच सायकलीला दोघं भिडले आणि एकेकच पाय चालवून दमेपर्यंत पॅडल मारत राहिले. पुढचे तीन दिवस त्यांनी भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि मांड्यांत सुया टोचून घेतल्या. राबलेल्या पायात बसून राहिलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट ग्लायकोजेन भरलेलं निघालं. सायकल दमेपर्यंत चालवली तर साठा तळाला जातो. वजनांच्या एका सत्रात तो साधारण पंचवीस ते चाळीस टक्के उतरतो. 2022 साली या विषयावरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. एका स्नायूगटाचे दहा सेटपर्यंतच करणाऱ्या आणि उपाशी नसलेल्या माणसाला जास्तीच्या कर्बोदकांनी फारसा फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. दोन सेटच्या मध्ये मोबाइलवर तीन रील पाहणाऱ्याला इंधनाची चणचण भासू नये.

सकाळच्या व्यायामाची गोष्ट थोडी वेगळी. आदिलाबादचा मे महिना पारा 45 च्या आसपास नेतो, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटेला पर्याय उरत नाही. हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, तेव्हा पर्याय अंथरुणातच सापडतो. ढोबळ सल्ला असा असतो की व्यायामाच्या तासभर आधी वजनाच्या दर किलोमागे 1 ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. साठ किलोच्या माणसाला ती एका दणकट भाकरीतून मिळतात. पण पहाटे सव्वाचारला भाकर थापून मागण्याची हिंमत दोन क्विंटल उचलणाऱ्यातही नसते. एक केळ 25 ग्रॅमच्या आसपास देतं आणि कुणाला उठवावं लागत नाही.

न्याहारीचं काम नेमकं कुठे होतं, हे इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाहिलं. कसलेल्या तरुणांना एका सकाळी कर्बोदकांचं घट्ट पेय दिलं, एका सकाळी तेवढंच घट्ट पण जवळजवळ निःसत्त्व पेय दिलं आणि एका सकाळी नुसतं पाणी. पाण्याच्या तुलनेत दोन्ही घट्ट पेयांनंतर स्क्वॉट सारखेच वाढले. बेंच प्रेसला मात्र तिन्हींचं काहीच देणंघेणं नव्हतं. थोडक्यात, पोटाला भरल्यासारखं वाटलं की पाय कामाला लागतात. आदिलाबादच्या घरात यासाठी प्रयोगशाळेतल्या घट्ट पेयाची गरज नाही; रात्री आंबवलेल्या पिठाची जवारीची आंबील हेच काम करते आणि तिच्यात खरोखरीची कर्बोदकंही असतात. याहून पुढची मजल 2004 सालच्या एका प्रयोगानं गाठली. सायकलपटूंनी कर्बोदकांच्या पाण्याची नुसती चूळ भरून थुंकली, तरी तासाभराच्या शर्यतीतला वेळ सुधारला. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर साखरेचं पाणी थुंकून दाखवण्याचा प्रयोग मात्र कुणी केलेला नाही.

संध्याकाळी व्यायाम करणाऱ्याची अडचण उलटी असते. दुपारचं जेवण झालेलं असतं, साठे भरलेले असतात आणि शरीराचं तापमान चढलेलं असल्यानं ताकदही सकाळपेक्षा जराशी जास्त असते. रोज सकाळीच कसरत करणाऱ्यांत हा फरक बराच मिटतो. दोनला जेवलेल्याला सहाला काही खायलाच हवं असं नाही. धोका असतो तो जिमच्या वाटेवरच्या मिरची भज्यांचा. तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतात आणि नेमके स्क्वॉटमध्ये खाली बसल्यावर वर येऊ पाहतात.

व्यायामानंतर अर्ध्या तासात खाल्लं नाही तर मेहनत वाया गेली, ही भीती पावडरींचे डबे विकणाऱ्यांना फार मानवली. तिचं मूळ आयव्ही या संशोधकाच्या 1988 सालच्या प्रयोगात आहे. कर्बोदकं दोन तास उशिरा दिली तर ग्लायकोजेन भरण्याचा वेग मंदावतो, असं त्यात दिसलं. पण ते दमलेले सायकलपटू होते आणि मोजणी काही तासांचीच होती. 1997 साली दुसऱ्या गटानं आठ आणि चोवीस तासांनी मोजलं, तेव्हा लगेच खाल्लेले आणि दोन तास थांबलेले सारखेच निघाले. रोज एकदा व्यायाम करणाऱ्याला घरी जाऊन, आंघोळ करून, आरामात जेवता येतं.

मग उरतो रात्रीचा भात. साखर हाताळण्याची शरीराची तयारी सकाळी बरी आणि रात्री कमी, हे खरं; पण नुकतेच राबलेले स्नायू साखर जोमानं ओढून घेतात, हेही तितकंच खरं. इस्रायलमध्ये 78 लठ्ठ पोलिसांवर सहा महिने प्रयोग झाला आणि 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटाला दिवसभराची बहुतेक कर्बोदकं रात्रीच्या जेवणात दिली होती. तो गट फुगला नाही; उलट दुसऱ्या गटापेक्षा थोडा जास्तच उतरला. दोन्ही गटांचे उष्मांक मोजूनमापून कमी केलेले होते, हा तपशील रात्री तिसऱ्यांदा भात वाढून घेणाऱ्यांनी वगळू नये.

घड्याळ खरोखर पाहावं लागतं ते दोन वेळा राबणाऱ्याला. तालमीतला पैलवान पहाटे जोर आणि लढती करतो, संध्याकाळी पुन्हा मेहनत करतो. पोलीस भरतीची तयारी करणारा सकाळी धावतो आणि सायंकाळी वजनं उचलतो. अशांना पहिल्या सत्रानंतर लगेच, पुढचे चार तास, दर तासाला किलोमागे सुमारे 1 ग्रॅम कर्बोदकं हवीत. पैलवानांची सकाळच्या मेहनतीनंतरची गोड थंडाई ही सोय प्रयोगशाळांच्या आधीपासून काही अंशी करत आली आहे, बदामाचं श्रेय वगळून.

दुसरा अपवाद मधुमेहाचा. इन्शुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर व्यायामात, आणि संध्याकाळच्या व्यायामानंतर मध्यरात्रीही, धोकादायक उतरू शकते. जेवणाची आणि औषधाची वेळ त्यानं डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि जिमच्या पिशवीत तीन चमचे साखरेची पुडी ठेवावी. तिच्याऐवजी बेसनाचा लाडू चालत नाही. तुपामुळे त्यातली साखर रक्तात पोचायला उशीर होतो.