‘सिंगल ओनर, लो रनिंग, अर्जंट विकणे’ यांस

श्री. रा. रा. ‘अर्जंट विकणे आहे’ यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपली जाहिरात वाचली. ‘2017 मॉडेल, 150 सीसी, सिंगल ओनर, डॉक्टरने वापरलेली, रनिंग फक्त 14,000, शोरूम कंडिशन, एक रुपयाचं काम नाही, बसा आणि निघा. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.’ इतक्या थोड्या शब्दांत इतकं निष्कलंक चरित्र उभं करणं सोपं नाही. चरित्रनायक समोर साइड स्टँडवर उभा असताना तर नाहीच.

माझ्या भाच्याला नुकतंच पक्कं लायसन्स मिळालं. लर्निंगनंतरचे सक्तीचे तीस दिवस त्याने कसेबसे काढले, आरटीओच्या ट्रॅकवर पाय न टेकवता आठ काढला, आणि त्याच संध्याकाळी आपल्या दारात हजर झाला. आपण त्याला चहा पाजला, 2,000 रुपये टोकन घेतलं आणि ‘तुझ्यासाठी म्हणून 42,000, दुसऱ्याला 45 सांगितलेत’ असं म्हणालात. पोरगं घरी आलं ते हवेत. मग मी येऊन गाडी पाहिली, आणि आपल्याला पत्र लिहिल्यावाचून राहवेना.

आधी आपल्या गिऱ्हाईक निवडण्याच्या कलेबद्दल बोलतो. जुन्या गाड्या विकणारे पुष्कळ असतात. पण गाडी नेमकी नव्या लायसन्सवाल्यालाच दाखवायची, हे मर्म आपल्याला सापडलंय. मुरलेल्या माणसाला गाडी चालवताना काही खटकलं की तो गाडीला शिव्या देतो. नवा पोरगा स्वतःला देतो. सरळ रस्त्यावरही ही गाडी हळूहळू डावीकडे ओढते. भाचा म्हणाला, ‘मामा, माझा अजून हात बसलेला नाही.’ न्यूट्रल सापडत नाही, कारण त्याचा पाय नवा. क्लच झटक्याने धरतो, कारण त्याची बोटं नवी. पुढचा ब्रेक दाबावा तर लिव्हर पार मुठीला जाऊन टेकतो. तिथे तर त्याने आपली माफीच मागितली म्हणे! आणि या सगळ्यावर आपलं एकच औषध: ‘सवय होईल.’ होईलच हो. माणसाला कशाचीही सवय होते. पण ब्रेक न लागण्याची सवय व्हायला रस्त्यावर वेळ फार कमी मिळतो.

ट्रायल तर आपण बहारीची दिलीत. सोसायटीच्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, मागच्या सीटवर स्वतः बसून. दुसऱ्या गिअरच्या वर जायचा प्रश्नच नाही. आरटीओने भाच्याची परीक्षा जशी घेतली, तशीच आपण गाडीची घेऊ दिलीत, आणि दोघेही पास.

आता चरित्राकडे. सिंगल ओनर म्हणता. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला, तर मालकाचा अनुक्रमांक 2 दिसतो. म्हणजे एकापाठोपाठ दोन डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा रुग्ण आपल्याकडे आला. बरं, त्या दोघांत आपलं नाव नाही. वापरणाऱ्यांत आपण तिसरे, कागदावर शून्य.

रनिंगचा हिशेबही फार हृद्य आहे. इतक्या वर्षांत 14,000, म्हणजे दिवसाला पाच किलोमीटरही नाहीत. डॉक्टरसाहेब दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच राहत असणार. फक्त टायरला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आपल्या मागच्या टायरवर 3322 आहे. 2022 सालच्या तेहतिसाव्या आठवड्यात तो कारखान्यात तयार झाला, आणि आज त्याच्यावर नक्षी उरली आहे ती फक्त कडेला. म्हणजे 14,000 किलोमीटरमध्ये कंपनीचा मूळ टायर संपला आणि त्याच्या जागी आलेलाही गुळगुळीत झाला. गिअरच्या दांडीवरचं रबर झिजून आतलं लोखंड दिसतंय. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून मांजराच्या नखांसारखे झालेत. मीटर मागे घेणाऱ्याने काम चोख केलंय. पण मीटर मागे घेता येतं, दात मागे घेता येत नाहीत.

हँडल पूर्ण वळवलं की फ्रेमवरच्या ज्या खुंटीला ते अडतं, ती खुंटी एका बाजूला चेपलेली आहे. डाव्या फूटरेस्टचं टोक घासलेलं आहे, डावा इंडिकेटर नवा कोरा आहे आणि टाकीला चकचकीत नवा रंग आहे. ‘पार्किंगमध्ये जरा कलंडली होती’ असं आपण म्हणालात. पार्किंग उतारावर असावं आणि गाडी बऱ्याच वेगात पार्क झाली असावी.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार. आम्ही येण्याआधी आपण गाडी धुऊन, पुसून, इंजिन गरम करून ठेवली होती. पाहुणचार असावा तर असा. थंड इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू करताना जे बोलतं, ते गरम इंजिन बोलत नाही. आणि धुतलेल्या इंजिनावर ऑइल कुठून पाझरतंय, तेही दिसत नाही. तरी मी ॲक्सिलरेटर पिळला तेव्हा सायलेन्सरमधून निळसर धूर निघालाच. ‘थंडीमुळे वाफ आहे,’ असं आपण म्हणालात. दुपारचे दोन वाजले होते आणि पुण्यात मे महिना चालू होता.

‘इन्शुरन्स चालू आहे’ हेही खरंच आहे, फक्त थर्ड पार्टी. पोराने कोणाला ठोकलं तर समोरच्याची सोय आहे. गाडी मोडली किंवा चोरीला गेली तर भाच्याची नाही. सोबत हेल्मेट फुकट देणार होतात. त्याच्या आतल्या फोमचा चुरा हातात येतो आणि आयएसआयचा शिक्का कुठेच नाही. तेवढी कृपा नको.

खरी गंमत मात्र कागदांची. ‘नाव नंतर करा, काही घाई नाही, 29 आणि 30 नंबरचे फॉर्म सही करून तयार आहेत,’ असं म्हणून आपण कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या दाखवल्यात. ओपन पेपर! मोटार वाहन कायदा म्हणतो की, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं. आपल्या हातात गाडी दोन वर्षं आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली, तरी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. आपण सिग्नल तोडलात की चलान डॉक्टरांच्या नावाने निघतं. उद्या भाच्याने कोणाला धडक दिली असती, तर नोटीसही त्यांनाच गेली असती. आपल्याकडे गाडी सोपवून सही करून निवांत झोपलेला हा सज्जन माणूस कोण आहे, हे आपल्याला तरी ठाऊक आहे का? त्यांना एक फोन जरूर करा. माझ्यापेक्षा त्यांना आपल्याशी जास्त बोलायचं असेल.

बाकी, भाच्याला मी एवढंच सांगितलं की, ABS वगैरे अक्षरं नंतर बघ. अर्थात एप्रिल 2019 नंतरची 125 सीसीहून मोठी गाडी घेतलीस तर एबीएस असेल, आणि पावसात नव्या हाताला तो बरा. पण आधी चेसिस नंबर आरसीशी ताडून बघ, बँकेचा बोजा उतरलाय का बघ, आणि ओळखीचा मेकॅनिक मागे बसव, मालक नको. यापैकी एकालाही जो माणूस नाही म्हणेल, त्याच्याकडचा चहासुद्धा पिऊ नकोस.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
टाइमपास करणारा मामा

ता. क. : गाडी अजून विकायची असेल, तर शनिवारी सकाळी साडेसातला मेकॅनिक घेऊन येतो. इंजिन थंड असू द्या, आरसीवरच्या मालकाला बोलावून ठेवा, आणि टायर, चेनस्प्रॉकेट, ब्रेक नि इंजिनचं काम वजा करून किंमत सांगा. नसेल जमत, तर 2,000 रुपये ज्या नंबरवरून आले त्याच नंबरवर परत पाठवा.