फ्लोराइडा, मुलांच्या दातांवरचं हे तुझंच काम

उदयनगर, जि. देवास

फ्लोराइडा,

तुझ्या नावाआधी 'प्रिय' लावावं असं तू या मुलखात काही केलेलं नाहीस, म्हणून थेट बोलतो. आमच्या पश्चिमेला धार जिल्हा, त्यापलीकडे झाबुआ. त्या पट्ट्यातल्या भिल-भिलाला पोरांच्या पुढच्या दातांवर आधी पांढुरके, मग पिवळे, मग तपकिरी पट्टे उमटवतोस तो तू. आणि बोलणी कोण खातं? ती पोरं. "दात घासत नाहीस का रे?" हे त्यांना शाळेत ऐकावं लागतं, बाजारात ऐकावं लागतं, आणि वय झालं की स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांच्या नजरेतही वाचावं लागतं. हसताना तोंडावर हात धरायची सवय लहानपणीच लागते. गुन्हा तुझा, लाज त्यांची. ही वाटणी तुला फार सोयीची पडली.

लपण्यात तुझा हात धरणारा कोणी नाही. तुला रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यात असतोस तेवढ्या प्रमाणात चवही नाही. उघड्या विहिरीचं गढूळ पाणी आणि बोअरचं नितळ पाणी शेजारी ठेवलं, तर कुठलीही आई लेकराला बोअरचंच पाजेल. काळजीपोटी तिने ते उकळलं तर तुझं आणखी फावतं: वाफ होते ती पाण्याची, तू भांड्यातच राहतोस आणि दाट होतोस.

आलास तोही एका चांगल्या कामाच्या आडून. पायऱ्यांच्या बावड्यांमधून या भागात नारू पसरायचा. खोल बोअर आणि त्यावर हातपंप, हा त्यावरचा खरा उपाय होता. सोलापूरला घडलेल्या पंपावरून पुढे 'इंडिया मार्क दोन' तयार झाला आणि गावोगाव उभा राहिला. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तो अशाच कष्टांमुळे. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण जंतूंच्या मागे लागलेल्यांचं लक्ष तुझ्याकडे उशिरा गेलं, आणि त्या मधल्या वर्षांत तू एक पिढी गाठलीस.

पुढची वाट आम्हीच तुला करून दिली. माळवा म्हणजे पाण्याचा मुलूख, ही ख्याती एकेकाळची. 1990 च्या उन्हाळ्यात देवास शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाणी खाली गेलं तसे बोअर त्याच्या मागे खाली गेले. खोलवर पाणी खडकाच्या सहवासात फार काळ राहतं; त्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असलं, की खडकातल्या खनिजांमधून तू सुटतोस आणि पाण्यात उतरतोस. जितकं खोल तितकं शुद्ध, असं मानणाऱ्या प्रत्येक गावाने हे एकदा ऐकून घ्यायला हवं.

आता तू म्हणशील, पुरावा काय? पुरावा शंभर वर्षांपासून साठतो आहे. 1901 साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला आणि तिथल्या माणसांचे डागाळलेले दात पाहून चक्रावला. 1909 मध्ये जी. व्ही. ब्लॅक त्याच्या जोडीला आले. दोघांनी एवढं ताडलं की डाग बाहेरून पडत नाहीत, दात घडतानाच पडतात. तुझं नाव मात्र कळलं 1931 मध्ये, अ‍ॅल्युमिनियम कंपनीतला रसायनतज्ज्ञ चर्चिल याने बॉक्साइट नावाच्या गावचं पाणी तपासलं तेव्हा. आपल्याकडे 1937 साली नेल्लोर जिल्ह्यातल्या माणसांच्या आखडलेल्या हाडांवर शोधनिबंध छापून आला, त्यात तूच होतास. म्हणजे झाबुआ-धारच्या आजच्या मुलांचे आजोबा जन्मले तेव्हा तुझा गुन्हा सिद्ध होऊन गेला होता.

तुझ्या बाजूने बोलणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. ट्रेंडली डीन या संशोधकाने अमेरिकेतल्या 21 शहरांतल्या मुलांचे दात तपासले आणि 1942 मध्ये मांडलं, की लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर दात कमी किडतात आणि डागही नावापुरते पडतात. त्याच बळावर 1945 पासून तिथल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाला तुला मुद्दाम मिसळू लागले, त्याच बळावर तू टूथपेस्टमध्ये बसलास. मान्य. पण ते हिशेब थंड हवेतल्या, भरपूर दूध पिणाऱ्या मुलांवरचे होते. वैशाखात रानात गुरांमागे फिरणारं पोर किती पाणी पितं? भारतीय मानकाने मर्यादा एक मिलिग्रॅम धरली आहे. दुसरं पाणीच नसेल तर दीड. त्यावरच्या पाण्याला 'दातांचा मित्र' म्हणणं हा निलाजरेपणा आहे. आणि डाग पडलेल्या पोरांच्या हातात पेस्टची नळी देऊन 'नीट घासा' सांगणाऱ्या शिबिरांचा मला संताप येतो. लहान मूल बरीचशी पेस्ट गिळतं. तुझाच आणखी एक घोट.

तू एक चूक मात्र केलीस. तारखेसकट सही मागे ठेवलीस.

कायमच्या पुढच्या दातांवर एनॅमल चढतं ते आयुष्याच्या पहिल्या चार-पाच वर्षांत, हिरडीच्या आत. ते घडवणाऱ्या पेशींनी प्रथिनं वेळेवर बाहेर काढून खनिजाला जागा करून द्यायची असते. तू तिथे आडवा येतोस आणि थर सच्छिद्र राहतो. आईच्या दुधात तू फारसा उतरत नाहीस; दूध सुटून पाणी सुरू झालं की तुझं काम सुरू. सहा-सात वर्षांनी दात उगवतो तो आधीच निस्तेज, मग त्या छिद्रांत रंग मुरत जातो. म्हणून आठ वर्षांच्या मुलाच्या दाताकडे पाहून त्याच्या आजच्या सवयी कळत नाहीत. तो दुडुदुडु धावत होता तेव्हा घरात कुठलं पाणी भरलं जायचं, ते कळतं. डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर आडव्या रेघा सारख्याच उंचीवर असतात, कारण ते दात एकाच काळात घडले. गुटख्याचा डाग असा शिस्तीत बसत नाही आणि खरवडला तर निघतो. तुझा निघत नाही, तो दाताच्या आत असतो.

दातांवरच थांबला असतास तरी मी एवढा चिडलो नसतो. तेच पाणी चालू राहिलं की गुडघे आत वळतात, पाठ ताठते, माणसाला खाली वाकून बूट बांधता येत नाही. ताटात कॅल्शियम कमी असलेल्या घरात हे लवकर होतं, म्हणजे तू गरिबाला आधी गाठतोस. झाबुआत इनरेम या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी नेमकी हीच बाजू धरली: सुरक्षित पाणी, सोबत कॅल्शियमसाठी टाकळ्याची भाजी आणि 'क' जीवनसत्त्वासाठी आवळा. लहान मुलांच्या हाडांमध्ये सुधारणा दिसली. पावसाळ्यात बांधावर उगवणारा टाकळा तुझ्याविरुद्ध उभा राहील, हे तुझ्या ध्यानीमनीही नसेल.

पाण्यातून तुला हाकलायची युक्तीही जुनीच आहे. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ती सत्तरच्या दशकात बसवली, नालगोंडा पद्धत म्हणून ती ओळखली जाते. पण तिला रोज मात्रा मोजणारा माणूस लागतो आणि खाली बसलेला गाळ टाकायला जागा लागते; गावात ते दोन्ही टिकत नाही. केंद्राचा फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रम 2008-09 मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचा उज्जैन होता.

माझा भरवसा उथळ पाण्यावर जास्त आहे. या बागली-उदयनगर भागात समाज प्रगती सहयोग ही संस्था 1990 पासून पाणलोटाची कामं करते आहे. नीमखेड्याला तिचं बाबा आमटे यांच्या नावाचं केंद्र आहे. 2006 मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी देवासच्या शेतकऱ्यांना बोअरऐवजी शेततळी खणायला लावली. पाऊस जमिनीच्या वरच्या थरात मुरला, विहिरी भरल्या, तर पाणी शोधायला तुझ्या खडकापर्यंत उतरावं लागत नाही.

तोवर तुला शाळेत पकडायचं. शाळा उघडल्या की तिसरीच्या वर्गातल्या पोरांनी तोंड उघडायचं, मास्तरांनी रेघा बघायच्या. रेघा दिसल्या की पोराला बोल लावायचा नाही. त्याच्या घरचं पाणी बाटलीत भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत धाडायचं. आकडा दीडच्या वर गेला तर पंपाला लाल रंग फासून सरकारी गाडीने निघून जायचं नाही, कारण दुसरं पाणी दोन कोस लांब असेल तर बाई लाल पंपावरच हंडा भरते, आणि तिचं काही चुकत नाही. आधी वस्तीत दुसरं पाणी पोचवायचं आणि मग त्या पंपाचा दांडा काढून न्यायचा.

उदयनगरचा एक रहिवासी