मौजे मांडी, तालुका गुडघा

हवाई दलाच्या वैमानिकाची मांडी जास्तीत जास्त 64 सेंटिमीटर लांब असून चालते. माझी साडेचौसष्ट भरली. बाकी सगळं बसत होतं. उंची किमान 162.5 लागते, ती माझ्याकडे ऐसपैस होती. बसल्यावरची उंची 81.5 ते 96च्या मध्ये हवी, तीही होती. नजर इतकी साफ की डॉक्टरांच्या खिशातल्या पेनवरची कंपनी वाचता येत होती. मुलाखत झाली, गटचर्चा झाली, जन्मात एकदाच देता येणारी वैमानिकांची ती संगणकावरची चाचणीही पार पडली. आणि अडलं कुठं, तर बुडाशी.

मांडी कशी मोजतात हे आधी सांगायला हवं, पुढचं सगळं रामायण त्यातच आहे. भिंतीला लागून एक बाक. नुसत्या चड्डीवर त्यावर बसायचं, पाठ आणि बूड भिंतीला घट्ट चिकटवायचं. समोरून एक उभी फळी सरकत येते आणि गुडघ्याला टेकते. भिंतीपासून फळीपर्यंत जे काही येईल ती मांडी. म्हणजे हाड तर आलंच, पण मागचं मांसही आलं. मोजणाऱ्यानं वाकून आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "थोडा और पीछे." मागे भिंत होती.

माझ्या पुढचा मुलगा कानातल्या मळापायी अडकला होता, त्याच्या पुढचा नाकाच्या वाकड्या पडद्यापायी. मळ काढता येतो, पडद्याचं ऑपरेशन होतं. मी दोघांकडे हेव्यानं बघत बसलो. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी समजावून सांगितलं की विमान सोडायची वेळ आली की खुर्ची रुळावरून सरळ वर फेकली जाते, आणि मांडी लांब असली की गुडघे समोरच्या पॅनेलवर आदळतात. "तुम वर जाओगे, घुटने नहीं आएँगे," असं ते म्हणाल्याचं मी घरी सांगितलं. त्यातला 'वर' माझा.

घरी अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अण्णा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. सातारा जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांवर त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्लेल्या. त्यांनी एकच विचारलं, "क-प्रत दिली का?"

"कसली?"

"मोजणीची. मोजणी झाली की नकाशाची क-प्रत मिळते. नाही दिली? मग ती मोजणी कच्ची."

त्यांच्या मते पहिली मोजणी ही बोलणी सुरू करण्यापुरती असते. ती मान्य नसेल तर निमताना मोजणी मागायची, तीही पटली नाही तर सुपर निमताना. लष्कराच्या नियमांतही अगदी तशीच उतरंड निघाली: आधी अपील बोर्ड, मग रिव्ह्यू बोर्ड. हे कळल्यावर अण्णांचा चेहरा असा उजळला, जणू मीच वैमानिक झालो. अपील बोर्डासमोर 42 दिवसांत उभं राहायचं होतं, फी होती चाळीस रुपये, आणि ती भरायची सरकारी चलनानं. बँकेतल्या बाईंनी चलन उलटंपालटं करून पाहिलं.

"चाळीस रुपये? कशाचे?"

"मांडीचे," अण्णा मागून म्हणाले. "फेरमोजणी आहे."

बाईंनी शिक्का मारला.

बातमी गावभर झाली. येणारा प्रत्येक जण चहा घेता घेता सांगून जायचा की कलामांनाही हवाई दलानं घेतलं नव्हतं, पुढं राष्ट्रपती झाले. कलाम नववे आले होते आणि जागा आठ होत्या, त्यांच्या मांडीबद्दल कुणाची तक्रार नव्हती, हे मी सांगायचो. पण लोकांना मी राष्ट्रपती होण्याची घाई झाली होती. मामांनी तर डग्लस बाडर काढला. 1931 साली विमान आपटून त्या इंग्रजाचे दोन्ही पाय कापावे लागले, तरी 1940च्या लढाईत तो लढाऊ विमान उडवत होता. "पाय नसलेला चालतो, मग तुझे थोडे जास्त आहेत तर काय बिघडलं?" मी म्हटलं, "मामा, त्याची मांडी नियमात बसत असणार." यावर आजीनं सुपारी कातरायचं थांबवून अडकित्ता डब्यात ठेवला.

हाड काही कमी होणार नव्हतं. पण मागचं मांस? अर्धा सेंटिमीटर तर आटवायचा होता! हा शोध माझा, आणि तो बरोबर होता. पुढची अंमलबजावणी तालमीतल्या वस्तादांकडे गेली. "बैठका मार," वस्ताद म्हणाले. "बैठकांनी सगळं आटतं." पहाटे उठून मी बैठका मारू लागलो. मेहनत चालू आहे म्हटल्यावर आईनं खुराक सुरू केला: दूध, बदाम, वर तुपाची धार. वस्ताद रोज मागून नजर टाकून समाधानानं मान हलवायचे. पँटी घट्ट होऊ लागल्या तेव्हा आई म्हणाली, धुऊन आटल्या असतील. घरात आटण्याचं काम तेवढं पँटींनीच केलं.

अपिलाला दुसऱ्या शहरात गेलो. तसाच बाक, तशीच फळी. मी श्वास सोडला, बूड आक्रसून धरलं, मनातल्या मनात गुडघे आत ओढले.

पासष्ट.

मी फोन केला. अण्णांना बराच वेळ काही बोलता आलं नाही. उभ्या नोकरीत त्यांनी निमतान्यात क्षेत्र वाढल्यावर रडणारा खातेदार पाहिला नव्हता.

सुपर निमताना मात्र मिळाली नाही. रिव्ह्यू बोर्ड हा हक्क नसतो, वरच्यांना वाटलं तरच देतात. अण्णांनी अर्ज मात्र झोकात लिहिला. दोन मोजण्यांत अर्ध्या सेंटिमीटरची तफावत आहे, सबब दोन्ही संशयास्पद असून रद्द ठरवाव्यात, असा त्यांचा मुद्दा होता. कायद्याच्या अंगानं तो आजही मला बिनतोड वाटतो. दोन ओळींचा नकार आला. अण्णांनी तो फायलीला लावला आणि फायलीवर 'प्रलंबित' लिहिलं.

वर्षभरानं खालच्या आळीतला एक मुलगा तशाच तपासणीत अडकला. त्याची भानगड उलटी. पाय लांब सोडून बसलं की भिंतीपासून टाचेपर्यंत किमान 99 सेंटिमीटर भरावं लागतं, त्याचे साडेअठ्ठ्याण्णव. तो रडत तालमीत आला. वस्तादांनी त्याला पूर्ण ऐकून घेतलंसुद्धा नाही. "बैठका मार," म्हणाले.

तो अपिलात पास झाला. तालमीच्या दारावर 'सैन्यभरती मार्गदर्शन' अशी पाटी लागली. पेढे द्यायला पोरगा स्वतः घरी आला, अण्णांच्या पाया पडला, आणि अण्णांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "क-प्रत घेतलीस ना?"