सारक्की सिग्नलचं अ‍ॅव्हरेज

वाहतूककोंडीत जगात कोणतं शहर पुढे, याची २०२४ सालची यादी टॉमटॉम कंपनीने काढली. तीत बेंगळुरू तिसरं आलं आणि पुणं चौथं. दहा किलोमीटर जायला बेंगळुरूत सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद, पुण्यात ३३ मिनिटं २२ सेकंद. अठ्ठेचाळीस सेकंदांनी आमचं कांस्यपदक गेलं. तेव्हापासून बेंगळुरूचा माणूस ट्रॅफिकबद्दल बोलायला लागला की मी विषय हवेवर नेतो. हवेतही तेच जिंकतात, हे मागाहून लक्षात येतं.

आमचे साडूभाऊ मात्र कोंडीची तक्रार करत नाहीत. ते तिची वाट बघतात. मूळचे सांगलीचे, आता जे. पी. नगरच्या सातव्या फेजमध्ये स्थायिक. (संपूर्ण क्रांतीची हाक देणाऱ्या जयप्रकाशजींच्या नावाने वसाहत काढली खरी, पण संपूर्ण काहीच एका दमात होत नाही, म्हणून तिचे नऊ टप्पे पाडले असावेत.) साडूभाऊंनी टोयोटाची हायरायडर घेतली, स्ट्राँग हायब्रिड, आणि त्या दिवसापासून त्यांचं रस्त्यावरचं लक्ष उडालं. गाडीत वेगाच्या आकड्याशेजारी आणखी एक काटा असतो. त्याच्या तबकडीचे तीन भाग: खाली चार्ज, मध्ये इको, वर पॉवर. मधल्या स्क्रीनवर इंजिन, बॅटरी आणि चाकं यांचं चित्र, आणि त्यांच्यामध्ये धावणारे बाण. शिवाय गाडी नुसत्या विजेवर चालत असली की हिरवी ‘ईव्ही’ अक्षरं उमटतात. ती उमटली की साडूभाऊ बोलता बोलता थांबतात. आपणही थांबायचं असतं.

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बेत ठरला: सकाळी बिडदीला जाऊन तट्टे इडली खायची, रामनगरच्या ‘शोले’वाल्या खडकांना लांबून नमस्कार करायचा आणि संध्याकाळी रंगशंकराला नाटक. सातव्या फेजमधून बिडदीला जायचं तर कोणनकुंटे क्रॉसला निघून सरळ दक्षिणेकडे वळायचं. साडूभाऊंनी गाडी उत्तरेला काढली.

“इकडून कुठे?” मी विचारलं.

“सारक्कीवरून. तिकडे ट्रॅफिक असतं.”

मला वाटलं, कानडी मुलखात राहून मराठीतला नकार निसटला असेल. तसं नव्हतं. साध्या गाडीचं पेट्रोल सिग्नलला उभ्या उभ्या जळतं, म्हणून तिचं अ‍ॅव्हरेज शहरात पडतं आणि हायवेला वाढतं. हायब्रिडचं उलटं. उभी राहिली की इंजिन बंद, रांगायला लागली की मोटर पुरते, आणि ब्रेक लावला की तीच मोटर जनित्र होते व बॅटरीत वीज भरते. म्हणजे अर्ध्या शहराला ज्या चौकाने रक्तदाब दिला, तो साडूभाऊंना पेट्रोल देतो. कंपनीने जाहीर केलेला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. तो चाचणीतला आकडा साडूभाऊंना रस्त्यावर हवा आहे, दशांशासकट.

सारक्कीला आम्ही ज्या गतीने पोचलो तिला गती म्हणणं हा औदार्याचा भाग. काटा इकोच्या तळाशी ठेवायचा म्हणून ते पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवत नव्हते, नुसता दाखवत होते. विजेवर चालणारी गाडी फारसा आवाज करत नाही. रस्त्याच्या मधोमध झोपलेल्या कुत्र्याला आम्ही आल्याचं कळलं नाही. साडूभाऊंना हॉर्न वाजवायचा नव्हता, कारण त्यालाही वीज लागते. कुत्र्याची झोप पुरी होईपर्यंत आम्ही थांबलो. मागच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून “सार, बेग होगी!” असा आक्रोश केला.

“काय म्हणतो?” माझ्या बायकोने विचारलं.

“लवकर चला म्हणतो,” ताई म्हणाल्या. ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण, गाडीची सहमालक. कर्जाचा निम्मा हप्ता त्या भरतात, पण चालकाच्या जागेवर त्यांना क्वचितच बसायला मिळतं. त्यांच्या हाती गेली की गाडीची ‘सवय बिघडते’, असं साडूभाऊंचं म्हणणं.

सिग्नल लाल झाला. साडूभाऊंनी लांबूनच ब्रेकवर पाय टेकवला, काटा चार्जमध्ये उतरला, बाण चाकांकडून बॅटरीकडे पळू लागले. “बघा, फुकटची वीज!” ते म्हणाले.

इथे मला राहवलं नाही. वीज फुकटची नसते. या गाडीला प्लग नाही, तेव्हा बॅटरीत जे जातं ते कधीतरी पेट्रोलच्या टाकीतूनच आलेलं असतं. ब्रेक लावताना मिळतो तो परतावा, तोही कापून. आणि ती बॅटरी तरी केवढी? ०.७६ युनिटची. घरातला दोन किलोवॉटचा गीझर एवढी वीज तेवीस मिनिटांत संपवतो. हे मी सांगितलं. साडूभाऊ म्हणाले, “म्हणूनच आमच्याकडे सोलर आहे,” आणि सिग्नल सुटला.

सारक्कीपासून कनकपुरा रस्त्याने परत दक्षिणेला, म्हणजे जिथून निघालो त्याच्या जवळपास, आम्ही आलो तेव्हा स्क्रीनवर २४.१ होते आणि माझ्या पोटात काहीच नव्हतं. नाइस रोडला लागलो. मग म्हैसूर रस्ता, आणि पंतप्रधानांनी मार्च २०२३ मध्ये उद्घाटन केलेला द्रुतगती मार्ग. साडूभाऊंचा चेहरा उतरला. मोकळा रस्ता! मोकळ्या रस्त्यावर इंजिन जास्त वेळ चालू राहतं, वारा अडवतो, ब्रेकची संधी मिळत नाही. म्हणून ते साठाच्या वर गेले नाहीत. दुचाकी आणि रिक्षांना या रस्त्यावर १ ऑगस्ट २०२३ पासून बंदी आहे. नसती तर त्यांनीही आम्हाला मागे टाकलं असतं. एक ट्रक ओलांडून गेला, तर हे त्याच्या मागोमाग वाऱ्याच्या आडोशाला सरकू लागले. ताईंनी नुसतं “अहो” म्हटलं. त्या ‘अहो’त तीस वर्षांचा संसार होता. गाडी परत आपल्या जागी आली.

तरीही आकडा चढत होता. २४.८, २५.३. “पाय तयार व्हावा लागतो,” साडूभाऊ म्हणाले. मी म्हटलं नाही, पण बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास आहे आणि रामनगर साडेसातशेच्या. उतारावर पाय सगळ्यांचेच तयार असतात.

बिडदी आलं तशी गाडी माहेरी आली, कारण टोयोटा-किर्लोस्करचा कारखाना इथलाच. बेळगावात १८८८ साली सायकलींचं दुकान काढलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं आडनाव जपानी नावाशेजारी वाचून मराठी माणसाची छाती जरा रुंदावते. पुढे लोखंडी नांगर काढणाऱ्या त्या माणसाला बैलजोडीच्या अ‍ॅव्हरेजचा काटा सुचला नाही, हे शेतकऱ्यांचं नशीब. तट्टे इडली ताटलीएवढी, मऊ, वर लोण्याचा गोळा वितळत आलेला आणि चटणीची धार इडलीच्या काठावरून खाली. त्या टेबलावर अर्धा तास कुणी अ‍ॅव्हरेज काढलं नाही. प्रवासातला तेवढाच भाग मला प्रवासासारखा वाटला.

खरं सांगायचं तर काट्याची कल्पना मला पटते. पेट्रोलचा खर्च महिनाअखेर कळतो, तोवर आपण काय केलं ते आठवत नाही. काटा तिथल्या तिथे सांगतो, म्हणून पाय सुधारतो. पण काय सुधारायचं हे काटा सांगत नाही. या गाडीचं इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं आहे: झडप उशिरा मिटते, जोर कमी, काटकसर जास्त. ते इंजिन मध्यम ओझ्याला खूश असतं, अगदी हलक्या ओझ्याला रडतं. म्हणून गोगलगाईसारखं वेग घेणं हा साडूभाऊंचा धर्म असला तरी गाडीचा नाही. इकोच्या वरच्या काठाला काटा ठेवून ठरल्या वेगाला पटकन पोचायचं, मग पाय सैल करून गाडी वाहू द्यायची, आणि ब्रेक लांबून हलका, कारण करकचून लावला की वीज थोडीच होते, बाकी पॅड तापतात. अमेरिकेत पिट्सबर्गला २००५ साली पाच जणांनी आळीपाळीने प्रियस चालवून एका टाकीत सुमारे साडेबावीसशे किलोमीटर काढले. साडूभाऊंना ही कथा पाठ आहे, ते पाच जण घरी कधी पोचले हा प्रश्न त्यांना पडलेला नाही.

आणि बचत? लिटरला बावीसचे पंचवीस झाले तर साठ किलोमीटरला एक तृतीयांश लिटर वाचतं. शंभरीपार पेट्रोलच्या भावाने तीसपस्तीस रुपये. नाइस रोडचा टोल वेगळा.

रामनगरच्या खडकांना नमस्कार झाला. परतीला चढ लागला. आकडा घसरला. साडूभाऊंनी वाऱ्याची दिशा, टायरमधली हवा आणि शेवटी माझ्या बायकोने घेतलेल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांचं वजन, या क्रमाने कारणं दिली. तोवर साडेसहा वाजले. रंगशंकराला नाटक साडेसातला म्हणजे साडेसातलाच सुरू होतं, उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत; मंत्री असो की साडू. नाइस रोडवरून कनकपुरा रस्त्याला उतरताच ताई म्हणाल्या, “थांबवा. मी घेते.”

साडूभाऊ मागे माझ्याशेजारी आले. बसण्याआधी हात लांबवून त्यांनी ट्रिप मीटर शून्यावर आणला. पुरावा हवा होता. ताईंनी काट्याकडे एकदाही पाहिलं नाही. निघताना गाडी उठली, चाळिशीला पोचली, पाय सुटला. पुढचा सिग्नल लाल दिसताच लांबून ब्रेक टेकला. कोणनकुंटे, येलचेनहळ्ळी, सारक्की. कुत्र्याला हॉर्न दिला. कुत्रं उठलं. दुसऱ्या फेजमध्ये नाट्यगृहापाशी गाडी लागली तेव्हा सात वाजून सव्वीस मिनिटं झाली होती आणि स्क्रीनवर २६.७ होते.

“बॅटरी मी भरून दिली होती,” साडूभाऊ म्हणाले. तांत्रिकदृष्ट्या हा मुद्दा अगदी बरोबर आहे. ताईंनी तो ऐकला नाही.

“सोमवारपासून गाडी मी नेते,” त्या पर्स उचलत म्हणाल्या. “तुम्ही मेट्रोने जा. ग्रीन लाइन आहे ना दारात.”

साडूभाऊ विचारात पडले. पायऱ्या चढताना माझ्या कानाशी आले. “मेट्रोसुद्धा ब्रेक लावताना वीज परत करते, माहीत आहे तुम्हाला? पण प्रवाशांना काटा दिसेल अशी सोय केलेली नाही. एक अर्ज टाकतो.”