किल्ला पाहिला, गाव राहिलं

पुण्यातलं सुसंस्कृत कुटुंब कोकणात नुसतं फिरायला जात नाही, काहीतरी पाहून यायला जातं. नुसतं फिरणं ही मुंबईकरांची चैन झाली. पुणेकराला परत आल्यावर जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला ऐकवता येईल असा निदान एक सनावळीचा मुद्दा हवा असतो. त्यामुळे मुरूडला जायचं ठरलं की समुद्राची पायरी आपोआप खाली येते आणि ‘मुलांना जरा आपला वारसा दाखवून आणतो’ असं जाहीर होतं. पहाटे गाडी ताम्हिणीला लागते, घाट उतरून राजपुरीच्या धक्क्यावर येते, कुटुंब होडीत बसतं, जंजिरा बघतं, तोफेला टेकून फोटो काढतं, जेवतं आणि दिवेलागणीला पुन्हा घाट चढू लागतं. या सगळ्या उद्योगाबद्दल माझी तक्रार एवढीच आहे, की वारसा पाहायला निघालेली ही मंडळी दिवसभर वारशाला वळसा घालत असतात. मच्छीमार गावात पाहण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे ते मच्छीमार गाव. किल्ला ही त्याची तळटीप आहे, आणि आपण तळटीप वाचून पुस्तक मिटतो.

हे विधान पुण्यात फटकळ वाटेल याची कल्पना आहे. तेव्हा पुरावा किल्ल्यापासूनच सुरू करतो. जंजिऱ्याची परंपरेने चालत आलेली हकीकत अशी, की त्या बेटावर पहिली तटबंदी घातली ती राजपुरीच्या कोळ्यांनी. लाकडाचे ओंडके एकाशेजारी एक रोवून केलेला तो मेढेकोट होता आणि चाच्यांपासून बचाव व्हावा एवढाच त्याचा हेतू होता. म्हणजे मूळ जंजिरा हे कोळीवाड्याने सोसायटीला घातलेलं कंपाउंड. त्यांचा म्होरक्या राम पाटील निजामशाहीलाही जुमानीना, तेव्हा निजामशाहीने पाठवलेला पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला, पाटलाशी गोडीगुलाबीने वागला, दारूची पिंपं आणि त्यांच्याबरोबर माणसं आत नेली आणि कोट घेतला. पुढचा भक्कम दगडी किल्ला, सिद्दी, कलालबांगडी तोफ हे सगळं त्यानंतरचं. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७६ च्या सुमारास, याच किल्ल्याला रातोरात शिड्या लावण्याचं धाडस केलं तेही पद्मदुर्गाच्या बाजूच्या एका कोळ्याने, लाय पाटलाने. मोहीम फसली, पण महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर राहणाऱ्याला पालखी काय करायची, असं तो म्हणाला, म्हणून त्याला एक गलबत देऊन त्या गलबताचंच नाव ‘पालखी’ ठेवलं, असं सांगतात. किल्ला बांधणारे कोळी, त्याच्यावर चढून जाऊ पाहणारे कोळी आणि आज आपल्याला होडीतून तिथवर नेणारेही बहुधा त्यांच्याच शेजारपाजारचे. तरीही त्या दिवसाच्या हिशेबात कोळी कुठे येतात, तर ‘होडीवाल्याने किती घेतले’ या रकान्यात.

त्या होडीकडेही नीट पाहिलं पाहिजे. राजपुरीहून जंजिऱ्याला अजूनही शिडाच्या होड्या जातात. वारा जिकडे न्यायला तयार नाही तिकडे वाऱ्याच्याच जोरावर जायचं, ही माणसाने लावलेल्या अत्यंत हुशार शोधांपैकी एक गोष्ट आहे. तिरक्या काठीवरचं तिकोनी शीड केव्हा सैल सोडायचं, केव्हा ताणायचं आणि केव्हा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं हे तो माणूस पायाने दोरी दाबून, हाताने सुकाणू धरून आणि तोंडाने सिद्द्यांचा इतिहास सांगत करत असतो. त्याच्या समोर बसलेली मंडळी मात्र पाठमोरी होऊन दूरच्या दगडी भिंतीचं चित्रीकरण करत असतात. तोफ एकदा ओतली, तिचं काम संपलं, ती आता फोटोपुरती आहे. शीड अजून कामावर आहे. पण कामावर असलेल्या गोष्टीला वारसा म्हणायला आपलं मन धजत नाही. निवृत्तीनंतरच आपण सत्कार करतो.

इथे कोथरूडच्या गॅलरीतून पहिला आक्षेप येतो: होडी ही वापरायची वस्तू, जाळं हे पोटापाण्याचं हत्यार, त्यात कला कसली? या आक्षेपाला उत्तर द्यायला कोकणात जायचीही गरज नाही, बाजीराव रस्त्यापर्यंत आलं तरी पुरे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुणेकर पाहुण्यांना अभिमानाने काय दाखवतो? अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवलेल्या या वस्तूंपैकी बहुतेक सगळ्या कुणीतरी रोज वापरून झिजवलेल्या आहेत. सुपारी कातरायच्या हत्याराला कलाकृती म्हणण्यात पुण्याला काहीच अडचण आली नाही, आणि ते योग्यच झालं. मग मासा धरायच्या हत्याराला तोच न्याय का नको? कागदावर नकाशा न काढता, नजरेच्या मापाने, वाकलेल्या लाकडाला त्याच्या वाकण्याप्रमाणेच कामाला लावून सुतार होडी बांधतो. जाळ्याची डोळी कुठे मोठी, कुठे बारीक ठेवायची, हे कुठल्या मासळीसाठी जाळं टाकायचं त्यावर ठरतं. फरक एवढाच, की अडकित्त्याला काचेचं कपाट आणि पाटी मिळाली आणि जाळं धक्क्यावर पसरलेलं असतं, आपण त्याच्यावर पाय देऊन जातो आणि वर बूट ओले झाले म्हणून कुरकुरतो.

पण होडीजाळ्याहूनही मोठा ऐवज दिसत नाही, तो डोक्यात असतो. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीचा पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराचे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडी सोडायला पुरतं. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे उधाण, तेव्हा पाण्याला ओढ जास्त; अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मंद. बोंबलासाठी लावतात ती डोल नावाची जाळी प्रवाहाच्याच जोरावर फुगते आणि मासळी भरून घेते, त्यामुळे उधाणाला धंदा आणि भांगाला बरीचशी विश्रांती. आता चतुर्थी कधी आहे हे पुण्यात कुणाला माहीत नसतं? घराघरांत भिंतीवर कालनिर्णय लटकत असतं. पण आपण त्या तिथीवरून साबुदाणा भिजवायचा की नाही एवढंच ठरवतो. त्याच पानावरून राजपुरीचा तांडेल समुद्र वाचतो. पंचांगाचा अभिमान बाळगणाऱ्या शहराने आपल्या मुलांना दाखवावा असा याहून चांगला धडा मला तरी सुचत नाही, आणि त्याला तिकीटही नाही. (फुकट आहे हे मुद्दाम सांगतो आहे, पुण्यात युक्तिवादाला त्याने वजन येतं.)

दुसरा आक्षेप वासाचा. बांबूच्या मांडवांवर ओळीने लटकलेले बोंबील उन्हात सुकत असतात, तिथून जाताना गाडीच्या काचा वर होतात आणि मागच्या सीटवरून रुमालातून ‘लवकर चला’ असा आवाज येतो. वास येतो, हे मान्य. पण वारशाला वास नसावा ही अट कुणी घातली? वटवाघळांच्या कृपेने आपल्या कित्येक लेण्यांना आणि किल्ल्यांच्या अंधाऱ्या खोल्यांना जो वास असतो तो आपण इतिहासाचा म्हणून सहन करतोच. शिवाय सुकवण्याच्या या उद्योगामुळेच बर्फ नव्हता त्या काळात समुद्र घाट चढून देशावर आला. सुकट आणि सुका बोंबील आजही आठवडे बाजारांतून विकले जातात, आणि पावसाळ्यात भाकरीबरोबर त्यांची वाट पाहणारी घरं पुणे जिल्ह्यातही भरपूर आहेत. याला जोडून सदाशिव पेठेतून एक पुरवणी आक्षेप येतो, की आम्ही मासे खातच नाही. ठीक आहे; तोफ तरी कुठे खाता? खरं म्हणजे न खाणाऱ्याला भुकेचा व्यत्यय नसतो, तो जास्त शांतपणे पाहू शकेल. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. शेकरूला राज्यप्राणी म्हणून दाद देताना त्याची आमटी कशी लागते हे आपण विचारत नाही.

तिसरा आक्षेप जरा अभ्यासू आहे: आता जाळी नायलॉनची, होड्यांना इंजिनं, तांडेलाच्या हातात जीपीएस, मग उरलं काय? म्हणजे कोळ्याने सणाच्या दोऱ्याचं जाळं ओढत, वल्ही मारत राहिलं असतं तर आपण त्याला परंपरा म्हटलं असतं. त्याने पाठीला आराम दिला की परंपरा बुडाली. हा न्याय आपण स्वतःला लावत नाही. पुण्याच्या गणपतीपुढे ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहिली तरी उत्सवाची परंपरा आपण १८९० च्या दशकापासून अखंड मोजतो. बदलत बदलत टिकणं म्हणजे काय ते पाहायचं तर मुरूडहून परतताना कोर्लईला थांबावं. तिथला किल्ला पोर्तुगीजांचा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगतं; त्याच झपाट्यात १७४० मध्ये चौल आणि कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून गेले. सत्ता गेली, पण गावातल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची बोली राहिली. जेमतेम हजारभर माणसं घरात ती अजून बोलतात आणि तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात एक गंमत नोंदलेली आहे: शब्द पोर्तुगीज, पण मराठीच्या सहवासाने क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊ लागलं. लष्कराला जमलं नाही ते व्याकरणाने करून दाखवलं. आणि आपण या गावात जातो, किल्ल्यावर चढतो, दीपगृहाचा फोटो काढतो, आणि खाली दुकानात दोघीजणी एकमेकींशी बोलत असतात ती भाषा कोणती, हे कानावर पडूनही ऐकत नाही. कारण तिच्यापुढे ‘पाहण्यासारखे’ अशी पाटी नाही.

या सगळ्यांत जड आक्षेप मात्र कोळीवाड्याच्या बाजूचा आहे आणि त्याला हसून उत्तर देता येत नाही. आम्ही इथे काम करतो, तुम्ही आम्हाला बघायला कशाला येता? माणसं राबत असताना त्यांच्याभोवती कॅमेरे घेऊन गोळा होणं ही असभ्यता आहे, आणि ‘जिवंत वारसा’ वगैरे म्हटल्याने ती सभ्य होत नाही. लुगडं नेसून, दागिने घालून पर्यटकांसाठी नाच बसवला म्हणजे संस्कृती जपली, हे तर त्याहून वाईट. माझं उत्तर इतकंच, की धक्क्यावर प्रेक्षक म्हणून उभं राहू नये, गिऱ्हाईक म्हणून उभं राहावं. बाजारात परक्या माणसालाही मानाची अशी एकच जागा असते. पुरुषांनी दर्यावर जायचं आणि विक्रीचा व्यवहार बायकांनी सांभाळायचा, ही कोळीवाड्याची जुनी वाटणी. तेव्हा समोर मावशी बसलेली असते आणि तिच्यापुढे मासळीचे वाटे लावलेले असतात. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच मिनिटं हुज्जत घालू शकणारा पुणेकर इथे आपली सगळी परंपरा पणाला लावतो आणि तीन वाक्यांत गारद होतो. मावशी त्याला भाव सांगत नाही, त्याच्या मासळीच्या अज्ञानाचं मूल्यमापन सांगते. कल्ला उचलून लाल आहे का पाहायचं, बोटाने दाबून मांस वर येतं का पाहायचं, हे तीच शिकवते. फी वाट्याच्या किमतीत धरलेली असते. अशा वेळी कोण कुणाला बघायला आलंय हा प्रश्न उरत नाही, कारण शेजारच्या चारही मावश्या आपल्याकडे बघून हसत असतात.

राहता राहिला वेळ. एका दिवसात इतकं सगळं कसं बसवायचं? १४७० च्या आसपास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि आजच्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला आला, त्याला तीन आठवड्यांहून अधिक लागले. वर जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त केला, धर्म बदल म्हणून दरडावलं, आणि एका ओळखीच्या खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा कुठे घोडा आणि धर्म दोन्ही परत मिळाले. त्या मानाने ताम्हिणीतली वाहतूककोंडी सुसह्य आहे. निकितिनने वाटेत माणसं काय नेसतात, काय खातात, एवढंच पाहिलं आणि ते लिहून ठेवलं. म्हणून आज रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. एका दिवसाच्या सहलीत तेवढं नक्की बसतं, फक्त दिवस रविवार पाहून न ठरवता तिथी पाहून ठरवावा लागेल. जून आणि जुलै सोडून द्यावेत, मासेमारी बंद असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचा हट्ट असेल तर अष्टमी पाहावी, ओहोटी भर दुपारी येते. मात्र भांगाचं पाणी फारसं मागे हटत नाही, तेव्हा पायघोळ कपडे नकोत. मासळी पाहायची तर पौर्णिमेच्या आगेमागे जावं. किल्ला आणि गाव यांपैकी एक निवडायची पाळी अशी पंचांगच आणतं, आणि पौर्णिमा नेमकी बुधवारी आली तर रजेच्या अर्जात कारण म्हणून ‘उधाण’ लिहायला हरकत नसावी. हिंजवडीच्या कंपन्यांत त्यासाठी वेगळा रकाना नसेल, पण ‘कौटुंबिक कारण’ या सदरात ते खपून जाईल.